पुळ्या गेल्या आणि खोकला आला

"ही डबी आता माझ्याकडे ऱ्हवांदे," असं म्हणून आजींनी गोळ्यांची डबी माझ्या हातातून काढून घेतली. मी पाण्याचा ग्लास भरून आजोबांच्या पलंगाकडे निघाले होते. आजी डबी घेऊन देव्हाऱ्याजवळ गेल्या. तांदळाच्या वाटीमागे त्यांनी ती ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"आजी, आजची गोळी राहिलीय," मी म्हणाले.

"देवी इली हा त्यांच्या अंगार. देवी आसताना औषध देऊचा नाय. तिका राग येता."

मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले.

मी घरी जाऊन पेशंट सांभाळते. ब्युरोतून फोन आला की जायचं. मी नर्स नाही, चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. इंजेक्शन, सलाईन हे माझं काम नाही. पेशंटला उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, चालवणं, घरच्यांनी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर देणं, एवढं मी करते. मला फार बोलता येत नाही. ब्युरोच्या मॅडम म्हणतात, मंगल, तुझी तक्रार कधी येत नाही कारण तुझा आवाजच कोणी ऐकलेला नाही.

मी राहते घाटकोपरला. हे घर मुलुंडला होतं. विश्राम आजोबा मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पुष्कळ वर्षं एका सोसायटीत वॉचमनचं काम केलं. कधी विडी ओढली नाही, तरी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मुलगा दिनेश आणि सून स्नेहल दोघंही नोकरीवर जायचे. दिवसभर घरात आजोबा, आजी आणि मी.

हॉस्पिटलात आजोबांच्या गाठीचा तुकडा काढून तपासला होता. दिनेशदादांनी मला सांगितलं होतं, "मावशी, बाबांच्या आजारात एक ठरावीक बिघाड सापडलाय. त्यावर गोळी आहे. सलाईनवाली केमो नको. रोज एक गोळी, चुकवायची नाही. बस." मी म्हटलं, बरं.

गोळी सुरू झाली आणि आजोबांना खरंच उतार पडला. ते रोज सकाळी आजींना पेपर वाचून दाखवायचे, कारण आजींना वाचता येत नाही. आधी ते एका ओळीत दोनदा दम घ्यायचे. आता अख्खी बातमी एका दमात वाचायला लागले. मध्येच थांबून पुढाऱ्यांना शिव्याही द्यायचे. आजी म्हणायच्या, "शिवी इली म्हणजे माणूस बरो झालो."

आणि मग नाकावर पुळ्या आल्या.

आधी नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल बारीक पुरळ आलं. मग गालांवर, कपाळावर, छातीवर पसरलं. काही पुळ्यांना पिवळं तोंड होतं. डोक्यातही आल्या. अंग पुसताना आजोबा "हळू, हळू" म्हणायचे. ताप नव्हता. मला वाटलं कांजिण्या असतील. माझ्या घरी लहान नात आहे, म्हणून मी मास्क लावून काम करायला लागले आणि घरी गेल्यावर आधी अंघोळ करून मगच तिला घेत होते.

आजींना मात्र शंकाच नव्हती. त्यांनी लहानपणी गावात देवीची साथ पाहिली होती. त्यांची एक बहीण त्यात गेली होती. त्यांनी कॉलनीतल्या झाडाचा कडुलिंब आणवून दाराला बांधला, पलंगावर पसरला. घरात फोडणी बंद. तळण बंद. आजोबांची दाढी आणि केस विंचरणं बंद. रोज कडुलिंबाच्या पाण्याने अंग पुसायचं आणि दहीभाताचा नैवेद्य.

दिनेशदादा संध्याकाळी आले, कडुलिंब बघून हसले. "आई, हे काय जंगल केलंयस घरात?"

"देवी इली हा."

"देवी कधीच गेली गं जगातून. कांजिण्या असतील. बाबा, ताप आहे काय?"

"नाय."

"मग दोन-चार दिवसांत उतरेल. आईचं चालू दे." ते मला म्हणाले, "तिची समजूत. आपण कशाला दुखवायचं?"

स्नेहलताईंनी तेवढं विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

"आसा, आसा," आजी म्हणाल्या. त्या दिवशी ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली.

मी ग्लास ठेवला आणि जवळ गेले. "आजी, दिनेशदादांनी सांगितलंय चुकवायची नाही."

"देवी गेली की परत सुरू करूया. चार दिवसांचो प्रश्न."

"डॉक्टरांना एकदा विचारू या का?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "मंगल, तुमच्यात देवी मानत नाय ता माका ठावक आसा. आमच्यात मानतत. तू ह्याच्यात पडू नको."

त्यांनी खोटं काही म्हटलं नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे, देवीचं, नवसाचं काही करत नाहीत. आजींनी मला कधी वेगळं वागवलं नव्हतं. माझा चहा त्यांच्याच कपात यायचा. पण त्या वाक्यापुढे मला पाऊल टाकता येईना. मी देवीविरुद्ध एक शब्द बोलले असते तर तो औषधाचा शब्द राहिला नसता. तो दुसऱ्याच कशाचा तरी झाला असता. मी कपडे वाळत घालायला गेले.

आजोबांनीही हट्ट केला नाही. त्यांना पुळ्यांचा जाच होत होता. ते म्हणाले, "जरा आराम पडांदे. मगे घेऊया गोळी."

गोळी थांबल्यावर पुळ्या सुकायला लागल्या. नाक साफ झालं. छातीवरचे लाल डाग फिके पडले. आजींचा चेहरा उजळला. "बघ, देवी शांत झाली. आता सुखान् जाताली." मलाही बरं वाटलं. माणसाची कातडी साफ झालेली दिसली की कोणाला बरं वाटणार नाही? मनात आलं, बरं झालं मी मध्ये बोलले नाही.

पण पुळ्या पूर्ण गेल्या तरी डबी देव्हाऱ्यातून बाहेर आली नाही. आजींचं म्हणणं होतं, देवीची पाठवणी नीट झाली पाहिजे. गावाहून त्यांचा भाऊ येणार होता, तो गाऱ्हाणं घालणार होता. गाऱ्हाणं म्हणजे मालवणकडे देवासमोर मोठ्याने मांडलेलं मागणं. एकजण बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. भावाचं येणं पुढे पुढे जात होतं.

मग एका सकाळी आजोबा पेपर वाचताना एका ओळीत दोनदा थांबले.

मी भाजी निवडत होते. माझा हात थांबला. आजी म्हणाल्या, "दमले असतले. रात्री झोप नाय." दुसऱ्या दिवशी ते तीनदा थांबले आणि मग खोकला आला. तो जुना, खोल खोकला होता, पाठ वाकवणारा. संडासापर्यंत चालवताना त्यांनी माझा खांदा धरला. मधले काही आठवडे ते भिंतीला हात लावून एकटे जात होते.

मी त्यांच्या बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजनचा आकडा आधीपेक्षा खाली होता. फार खाली नाही, पण खाली.

मी आजींकडे गेले. त्या ओट्यापाशी होत्या. मी म्हणाले, "आजी, मी दिनेशदादांना सांगणार आहे."

"काय सांगतलंय?"

"गोळी बंद आहे ते. तुमच्या पाठीमागे सांगणार नाही. इथेच तुमच्यासमोर फोन लावते."

आजींनी गॅस बारीक केला. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणजे मी जे बोलेन ते त्यांनाही ऐकू येईल. दिनेशदादा ऑफिसात होते. मी दोनच वाक्यं बोलले. "दादा, पुळ्या आल्यापासून आजोबांची गोळी बंद आहे. आता खोकला परत आलाय."

ते ओरडले. "काय? बंद? वाट लावलीत तुम्ही! मावशी, तुम्ही काय करत होता? आई कुठाय?"

"हयच आसंय," आजी म्हणाल्या.

"आई, तुला कळतं काय, ती गोळी म्हणजे काय आहे? ती गोळी आहे म्हणून बाबा आहेत!"

आजी खाली बसल्या. स्वयंपाकघराच्या लादीवरच बसल्या. "माझी बहीण औषध दिल्यान् गेली," त्या म्हणाल्या. फोनमध्ये नाही, मला म्हणाल्या. "वैद्यान् काढो दिलो आणि देवी खवळली. सगळे म्हणत होते. मी ल्हान होतंय. माका वाटला, ह्यांचा पण तसा होतला."

हे त्यांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. दिनेशदादांनाही नाही. ते फोनवर हळू आवाजात म्हणाले, "मावशी, बाबांना तयार करा. मी येतोय."

आम्ही चौघं हॉस्पिटलात गेलो तेव्हा ओपीडीत गर्दी होती. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. समोर फायलींचा ढीग, फोन सारखा वाजत होता. दिनेशदादा आत शिरतानाच बोलायला लागले, "मॅडम, आईने गोळी बंद केली, आम्हाला माहीतच नव्हतं, तिला वाटलं देवी, रोज कडुलिंबाच्या पाण्याने अंग पुसत होते..."

मॅडमनी हात वर केला. "आधी पेशंट." त्यांनी आजोबांची छाती ऐकली, जीभ बघितली, नखं बघितली. मग आजोबांनाच विचारलं, "पुळ्या कुठे कुठे आल्या होत्या?" आजोबांनी दाखवलं. "गोळी बंद केल्यावर गेल्या?"

"गेल्या."

"आणि खोकला कधी आला?"

"मगे."

मॅडम मागे टेकल्या. "दिनेश, तुम्हाला सांगितलं होतं ना, या गोळीने रॅश येऊ शकते?"

दिनेशदादांचा चेहरा पडला. "सांगितलं होतं. मला वाटलं रॅश म्हणजे थोडी खाज वगैरे. मी घरी बोललोच नाही."

"हं. आणि आम्हीही विचारलं नाही, तुमच्या घरी याला काय म्हणतील." मग त्या आजींकडे वळल्या. "आजी, तुमच्या देवीबद्दल मी काही बोलणार नाही. ते मला कळत नाही. मला गोळीबद्दल कळतं. ते सांगू का?"

आजींनी मान हलवली.

पुढचं मी मला समजलं तसं लिहिते. चुकलं असेल तर चूक माझी, मॅडमची नाही.

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशी म्हणजे एक बंद खोली समजा. खोलीच्या दाराला बेल असते. शरीरातून निरोप येतो, आता वाढ. त्या निरोपाला ग्रोथ फॅक्टर म्हणतात आणि बेलला रिसेप्टर म्हणतात. बेल वाजली की आत खबर जाते, एकाकडून दुसऱ्याकडे, थेट आतपर्यंत. मग पेशी वाढते, एकाच्या दोन होतात. काम झालं की बेल बंद होते.

"तुमच्या फुप्फुसात काय झालं," मॅडम म्हणाल्या, "काही पेशींची बेल अडकली. बाहेर कोणी नाही, निरोप नाही, तरी वाजतच राहिली. म्हणून त्या वाढतच गेल्या. आणि नुसत्या वाढत नाहीत, जागा सोडून सरकतातही."

"सरकतत?" आजोबांनी मान वर केली. "त्यांका पाय खंय आसत?"

मॅडम हसल्या. फोन वाजत होता, तो त्यांनी उलटा ठेवला. "चांगलं विचारलंत. पाय नसतात. त्या पाय तयार करतात. पेशीच्या आत धाग्यांचा सांगाडा असतो. आपल्या हाडांसारखा, पण कायमचा नाही. धागे सारखे बनतात आणि मोडतात. बेल वाजली की ज्या बाजूला जायचं त्या बाजूला नवे धागे जोडले जातात. ते पेशीची कड आतून पुढे ढकलतात. मागच्या बाजूचे धागे सुटतात. तेच तुकडे पुन्हा पुढे वापरायचे. अशी ती पुढे पुढे सरकते."

आजोबा आता नीट बसले होते. "म्हणजे एका तोंडान् सूत चढता आणि दुसऱ्या तोंडान् उतारता. एकाच टायमाक."

"अगदी तसंच."

"आमच्या खात्यात असो साचो असतो तर मुकादमान् आमका भायर काढल्यान् असतो."

मॅडम मोठ्याने हसल्या. बाजूच्या सिस्टरही हसल्या. आजींच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"आता गोळी काय करते," मॅडम म्हणाल्या, "गोळी खोलीच्या आत जाते आणि बेलची वायर काढते. बेल बंद. वाढ थांबली, धाग्यांची धावपळ थांबली. म्हणून तुमचा खोकला गेला होता. पण गोळीला एक कळत नाही. ही बेल फुप्फुसातल्या बिघडलेल्या पेशीची, की कातडीतल्या चांगल्या पेशीची. आपली कातडी रोज झिजते, रोज नवी येते. त्यासाठी तिच्याही दाराला तीच बेल असते. गोळी तिचीही वायर काढते. मग कातडी कोरडी पडते, नाजूक होते, पुळ्या येतात. त्यात कडुलिंबाच्या पाण्याने ती आणखी कोरडी पडली."

"म्हणजे ती देवी न्हय?" आजींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"या पुळ्या गोळीच्या आहेत, आजी. गोळी बंद केली तेव्हा दोन्हीकडच्या बेल परत वाजायला लागल्या. कातडीची वाजली म्हणून पुळ्या गेल्या. फुप्फुसाची वाजली म्हणून खोकला आला. दोन्ही एकाच कारणाने."

पुळ्या जाताना आम्ही दोघी आनंदाने बघत होतो, आणि त्याच वेळी आत दुसरीकडे नको ते सुरू झालं होतं. बाहेरून ते बघण्याचा काही मार्गच नव्हता.

"आता?" दिनेशदादांनी विचारलं.

"आजच सुरू करा. मधल्या दिवसांत किती नुकसान झालंय ते स्कॅनमध्ये कळेल, आता मी खोटं आश्वासन देणार नाही. पुळ्या परत येतील. या वेळी मलम आणि पुळ्यांसाठी दुसरी साधी गोळी आधीपासून देते, म्हणजे जाच कमी होईल. ऊन टाळा, साबण सौम्य, क्रीम भरपूर. फारच वाढल्या तर गोळी थांबवायची की डोस कमी करायचा ते मी ठरवेन. घरी कोणी ठरवायचं नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडेसुद्धा. मग मला म्हणाल्या, "तुम्ही सांभाळता ना यांना? पुळ्यांचा फोटो काढून पाठवायचा. येतो काढायला?"

"येतो," मी म्हणाले. त्या दिवशी ओपीडीत मी बोललेला तो एकच शब्द.

मला वाटलं होतं घरी गेल्यावर आजी स्वतःच डबी काढून देतील. त्यांनी दिली नाही. त्या देव्हाऱ्यासमोर जाऊन बसल्या.

"आई, डबी दे," दिनेशदादा म्हणाले.

"मी तिका बोललंय. भाऊ येयसर गोळी देऊचंय नाय, असा बोललंय. शब्द दिलंय."

"आई, आत्ता मॅडमनी एवढं समजावलं..."

"माका समाजला. पण शब्द दिलंय मी."

दिनेशदादांचा चेहरा तापला. ते डबी उचलायला पुढे झाले तेवढ्यात आजोबा पलंगावरून म्हणाले, "दिनू, थांब. मंगल, माका उठव गो."

मी त्यांना उठवलं. देव्हाऱ्यापर्यंत चालवलं, स्टुलावर बसवलं. त्यांना धाप लागली होती. दम खाऊन ते म्हणाले, "भावाची वाट कित्याक बघूक होयी? गाऱ्हाणा मी घालतंय. आजार माझो. गोळी माझी."

आजींनी पदर नीट केला. म्हणजे त्यांना चालणार होतं.

आजोबांनी हात जोडले. आवाज बारीक होता, मध्ये मध्ये खोकला येत होता, पण चाल तीच, गावातली. "गे माऊली, आज ह्या विश्रामान् तुझ्यासमोर हात जोडलेत..."

"व्हय म्हाराजा," आजी आणि दिनेशदादा म्हणाले. दिनेशदादांच्या तोंडून ते आपोआप निघालं. लहानपणापासून म्हणत आले असणार.

"ही गोळी माका घेऊची लागता. तिच्यावर राग धरू नको..."

"व्हय म्हाराजा."

"पुळयो येतत त्या येवांदेत. त्या तुझ्यो न्हय, त्या गोळीच्यो. तुझ्यावर आळ घेतलो, तो पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा."

"माझी बायल भोळी. तिना काय शब्द दिल्यान् असात, तो माझ्या माथ्यार घाल..."

"व्हय म्हाराजा," दिनेशदादा एकटेच म्हणाले.

"भोळी कोण?" आजी म्हणाल्या.

आजोबांना हसू आलं आणि हसताना खोकला. दिनेशदादांनी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर आजोबा म्हणाले, "बरा, शाणी. शाणी बायल. व्हय म्हण आता."

"व्हय म्हाराजा," आजी म्हणाल्या. डोळे पुसत म्हणाल्या.

मी दाराशी उभी होते. गाऱ्हाण्यात मी "व्हय" म्हटलं नाही आणि कोणी म्हणायला सांगितलंही नाही. आजींनी तांदळाच्या वाटीमागून डबी काढली, एक गोळी काढून आजोबांच्या हातावर ठेवली आणि मागे वळून म्हणाल्या, "मंगल, पाणी धर." मी ग्लास धरला. आजोबांनी गोळी गिळली.

पुळ्या आठवड्याभराने परत आल्या. आधी नाकाच्या बाजूला, अगदी तिथेच. मी फोटो काढून मॅडमना पाठवला. या वेळी मलम आणि क्रीम होतं, त्यामुळे पहिल्याएवढ्या पिकल्या नाहीत. आजी रोज सकाळी आजोबांचा चेहरा उजेडात धरून बघायच्या. पुळ्या दिसल्या की म्हणायच्या, "आसत, आसत," आणि क्रीमची बाटली माझ्या हातात द्यायच्या. कडुलिंब दारावर आणखी काही दिवस राहिला. तो कोणी काढला नाही. सुकून आपणच गळून पडला, तेव्हा मी केर काढला.

खोकला लगेच गेला नाही. हळूहळू गेला. पहिल्या खेपेला जेवढा लवकर गेला होता, तेवढा लवकर नाही. मग स्कॅन झाला. मॅडम म्हणाल्या, गाठ पहिल्या स्कॅनपेक्षा लहान आहे, पण मध्ये ती वाढून मग कमी झाली असणार, आणि सलग गोळी चालू असती तर कदाचित याहून लहान झाली असती. असंही म्हणाल्या की ही गोळी कायमची पुरेल असं नाही, पेशी कधी ना कधी दुसरी वाट शोधतात, तेव्हा दुसरं औषध बघू. त्यांनी काही लपवलं नाही. आजोबांना ते आवडलं. "सरळ बोलता," ते म्हणाले.

आणखी एक गंमत झाली. गोळीने आजोबांच्या पापण्या लांब वाढल्या, टोकाला वळल्या. मॅडम म्हणाल्या, हेही गोळीचंच. स्नेहलताई म्हणाल्या, "बाबा, आम्ही पार्लरमध्ये जाऊन एवढ्या करत नाही." आजी त्यांची बाळासारखी दृष्ट काढायला लागल्या.

मी त्या घरी अजून जाते. आजोबा लिफ्टने खाली उतरून बाकावर बसतात. मी बाजूला बसते.

मधल्या काळात रविवारच्या बदलीला दुसऱ्या घरीही गेले. कुठेही नवीन औषध सुरू होत असलं की मी आता एक प्रश्न विचारते. हे घेतल्यावर अंगावर काय दिसेल? पुरळ, सूज, केस, रंग, काहीही. लाजत विचारते, पण विचारते. आणि उत्तर मिळालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर तेच पुन्हा मोठ्याने सांगायला लावते. लोक म्हणतात, मावशी, त्यांना कशाला सांगायचं, त्यांना काय कळतंय? मी तरीही सांगायला लावते. मला माहीत आहे, औषध कपाटात ठेवायचं की देव्हाऱ्यात, हे शेवटी तेच ठरवतात.